तारखांची वही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, मागच्या अंकात तुम्ही जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगचा वाढदिवस ४ जुलै दिलात. मी ४ ऑगस्ट वाचलंय. चूक कोणाची?

माझी. आणि थोडी त्याचीही! माझ्याकडे ३६६ पानांची एक जाडजूड वही आहे, एका तारखेला एक पान. कुणा नामवंताची जन्मतारीख कळली की त्या पानावर नाव टाकायचं, हा जुना नाद. आर्मस्ट्राँग अगदी सुरुवातीला, निळ्या शाईत, ४ जुलैवर जाऊन बसला, कारण तो स्वतः जन्मभर ४ जुलै १९०० हीच तारीख सांगत आला. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन आणि वर दोन शून्यांचं साल. इतकं छान जुळून आलेलं पाहून तेव्हाच शंका यायला हवी होती. तो १९७१ मध्ये गेला. पुढे न्यू ऑर्लिन्समधल्या एका चर्चच्या दप्तरात त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली आणि तीत जन्म निघाला ४ ऑगस्ट १९०१ चा. मी निळ्या नावावर लाल रेघ मारून त्याला महिनाभर पुढे हलवला होता, पण मागचा मजकूर लिहिताना नजर नेमकी जुन्या पानावर पडली. नव्या पानावर त्याला शेजार झकास मिळालाय : कवी शेली (१७९२), आपला किशोरकुमार (१९२९) आणि बराक ओबामा (१९६१).

प्रश्न : गॅलिलिओ ज्या वर्षी गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, असं शाळेत शिकलो. हे खरं ना?

ऐकायला फार गोड वाटतं, पण नाही. गॅलिलिओ गेला ८ जानेवारी १६४२ ला, इटलीत. न्यूटन जन्मला २५ डिसेंबर १६४२ ला, इंग्लंडमध्ये. साल एकच दिसतं, फक्त दिनदर्शिका दोन आहेत. पोप ग्रेगरींनी १५८२ मध्ये कालगणना दुरुस्त केली. इटलीने ती लगेच स्वीकारली, इंग्लंड मात्र १७५२ पर्यंत अडून बसलं. न्यूटनच्या काळी या दोन गणनांत दहा दिवसांचा फरक होता. त्याच्या घरी नाताळ होता तेव्हा इटलीत ४ जानेवारी १६४३ उजाडली होती. बरं, दोघांनाही इंग्लंडच्या मापाने मोजू म्हटलं, तर गॅलिलिओ २९ डिसेंबर १६४१ ला गेला असं निघतं. म्हणजे कुठलीही एक गणना धरा, साल एक होतच नाही. एकाला इकडच्या आणि दुसऱ्याला तिकडच्या मापाने मोजलं तरच ते जमतं.

न्यूटनचं काय करायचं हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. तो वहीत दोनदा आहे : २५ डिसेंबरला अटलबिहारी वाजपेयींच्या (१९२४) वर आणि ४ जानेवारीला लुई ब्रेलच्या (१८०९) वर. गॅलिलिओशी धागा जोडायचाच असेल, तर स्टीफन हॉकिंगचा जोडा. जन्म ८ जानेवारी १९४२, बरोबर तीनशे वर्षांनी. इथे दोन्ही तारखा एकाच गणनेतल्या आहेत.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. वर्गात चाळीस मुलं, त्यात दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी. मुलांना हा चमत्कार वाटतो. काय सांगू?

बाई, जोडी निघाली नसती तर नवल. चाळीस जणांत ती निघण्याची शक्यता सुमारे ८९ टक्के असते. तेवीस जण जमले तरी ती निम्म्याच्या वर जाते. गोम अशी की आपण माणसं मोजतो, मोजायच्या असतात जोड्या. तेवीस जणांनी एकमेकांशी हात मिळवले तर २५३ वेळा हस्तांदोलन होतं, आणि त्यातली कुठलीही एक जोडी जुळली की काम झालं. पण ‘माझ्याच तारखेचं कोणी आहे का’ असं विचारलंत, तर निम्म्या शक्यतेसाठी तुमच्याखेरीज २५३ माणसं लागतील. मुलांकडून फळ्यावर जोड्यांच्या रेघा मारून घ्या. दहा मुलांच्याच रेघा ४५ होतात, तिथेच त्यांचे डोळे विस्फारतील.

प्रश्न : एका दिवशी जन्मलेल्यांचे स्वभाव जुळतात का?

नाही. १२ फेब्रुवारी १८०९ चं पान बघा. त्या दिवशी इंग्लंडमध्ये सुखवस्तू डॉक्टरच्या घरात डार्विन जन्मला आणि अमेरिकेत, केंटकीतल्या ओंडक्यांच्या झोपडीत लिंकन. गुलामगिरीचा दोघांनाही तिटकारा होता आणि दोघांचीही आई लहानपणीच गेली, एकाची आठव्या वर्षी, दुसऱ्याची नवव्या. पण हे तारखेच्या माथी मारायचं म्हणजे फारच झालं.

प्रश्न : माझा जन्म २९ फेब्रुवारीचा. घरचे २८ ला साजरा करतात, मला १ मार्च हवा. सोबतीला कोणी आहे का?

मी तुमच्या बाजूने. २८ तारखेला तुमचं वर्ष अजून पुरं झालेलं नसतं. सोबतीला संगीतकार रोसिनी (१७९२) आहे आणि मोरारजी देसाई (१८९६) आहेत. मोरारजींची तर कमालच. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, कारण शंभराने भाग जाणाऱ्या सालाला चारशेनेही भाग जावा लागतो. त्यामुळे त्यांना पहिला खरा वाढदिवस दिसला तो आठव्या वर्षी, १९०४ मध्ये. मार्च १९७७ मध्ये ते पंतप्रधान झाले तेव्हा वय होतं ८१ आणि झालेले वाढदिवस १९.