विज्ञानकथेतल्या मालवाहू यानाला जहाजावरचे कंटेनर चालतील का?

कल्पना चालेल, डबा मात्र बदलावा लागेल.

१९५६ साली अमेरिकी वाहतूक व्यावसायिक माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ जहाजावरून ५८ कंटेनर गेले. पुढे मालवाहतुकीचं रूप पालटलं ते पत्र्याच्या पेटीमुळे नव्हे, तर ठरलेल्या मापांमुळे आणि कोपऱ्यांमुळे. आठही कोपऱ्यांना पोलादी ठोकळे, त्यांना भोकं. भोकात ट्विस्टलॉक घालून फिरवला की डबा जागीच जखडला. हे कोपरे कथेत जसेच्या तसे उचला.

चौकोनी आकार मात्र हवा न लागणाऱ्या मालापुरताच ठेवा. आत पृथ्वीवरच्याइतका दाब ठेवलात, तर भिंतीच्या दर चौरस मीटरवर सुमारे १० टनांचा जोर येतो. वीस फुटी डब्याची लांब बाजू साधारण १५ चौरस मीटर, म्हणजे एकाच भिंतीवर दीडशे टन! बाहेर निर्वात, त्यामुळे सपाट पत्रा फुगून फाटणारच. दाबाच्या मालाला गोल टाकी आणि तिच्याभोवती चौकोनी सांगाडा द्या. आपले टँक कंटेनर आजही असेच असतात.

आणि लेखक हमखास विसरतात ते वस्तुमानकेंद्र, म्हणजे यानाचं सगळं वस्तुमान जिथे एकवटल्यासारखं वागतं तो बिंदू. एका बाजूचे चार डबे उतरवले की ते सरकतं, इंजिनाचा जोर त्यातून जात नाही आणि यान गरगरायला लागतं. म्हणजे कुठला डबा आधी सोडायचा यावरून कप्तान आणि माल उतरवणारे यांची जुंपणार. (कथेला आयताच मसाला!) डबे मधल्या कण्याभोवती जोडीजोडीने, समोरासमोर लावलेले दाखवा.