आधी अ‍ॅम्प्लिफायर मेकॅनिकच्या हाती देऊ नका

अशी पत्रं बरीच येतात. गाडीतल्या अ‍ॅम्प्लिफायरचा उजवा चॅनेल पहिल्यापासून मंद, दुकानदार म्हणतो वायरिंगचा दोष. मल्टिमीटरवर डावीकडे 20 व्होल्ट आणि उजवीकडे 11 दिसतात, असा व्हिडिओ तुमच्याकडे आहे. ग्राहक आयोगातल्या तक्रारीला तो पुरेल का, आणि ओळखीचा मेकॅनिक मॉसफेट (आतला ट्रान्झिस्टर) बदलून देतोय तर देऊ का, हे तुमचे प्रश्न.

मेकॅनिकला देऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 38(2)(सी) प्रमाणे, तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर जिल्हा ग्राहक आयोग वस्तू सील करून प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि 45 दिवसांत अहवाल मागवतो. तुमचा निकाल त्या अहवालावर लागणार. आतला भाग बदलला की मूळ दोषच नाहीसा होतो, आणि ‘तुम्हीच उघडून बिघडवला’ हे दुकानदाराला आयतं मिळतं. तपासणीची फी आधी तुम्हालाच भरावी लागते, ती तयारी ठेवा.

व्हिडिओ एकट्याने पुरणार नाही. 4 ओहमच्या स्पीकरच्या हिशेबाने 20 व्होल्ट म्हणजे 100 वॅट आणि 11 म्हणजे जेमतेम 30, हे खरं. पण दोन्हीकडे इनपुट सारखा होता कशावरून? गेनच्या (पातळी ठरवणाऱ्या) बटणाला हात न लावता, स्टिरिओकडून येणाऱ्या आरसीए केबलच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूच्या पिना डावी-उजवी अदलाबदल करा आणि तोच टोन (चाचणीचा एकसुरी आवाज) लावून पुन्हा मोजा. 11 व्होल्ट डावीकडे सरकले तर खोट स्टिरिओत किंवा केबलमध्ये आहे, आणि तुम्ही भलत्याच वस्तूवर तक्रार लावत होता. उजवीकडेच राहिले तर दोष अ‍ॅम्प्लिफायरचा धरायला हरकत नाही. टोन चालू असताना अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवर टर्मिनलवर बॅटरीचे किती व्होल्ट पोचतात तेही चित्रित करा. वायरिंगच्या आरोपाला ते उत्तर आहे.

तीनदा वस्तू दुकानात ठेवलीत आणि एकदाही जॉबकार्ड (दुरुस्तीला दिल्याची पावती) घेतलं नाहीत. बिलावर सीरियल नंबर नाही, तोही मागितला नाहीत. हा निष्काळजीपणा आता महागात पडू शकतो. निदान आज सीरियल नंबरचा फोटो जोडून दुकानदाराला लेखी नोटीस पाठवा.

खरेदीला दीड वर्ष झालं. तक्रार करायची कलम 69 ची मुदत 2 वर्षांची आहे, आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ अशा तोंडी आश्वासनांनी ती वाढेल या भरवशावर राहू नका. तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तपासणीची प्रकरणं 5 महिन्यांत निकाली काढावीत असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात आणि झळ ग्राहकालाच बसते, हे संतापजनक आहे. बदली वस्तू मिळेल की पैसे परत, आणि भरपाई किती, हे अहवाल पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही.