डब्यावरचे नाव

चि. ईरास अनेक आशीर्वाद.

परवा हर्था एअर्टन या इंग्रज शास्त्रज्ञ बाईवरचा निबंध लिहिता लिहिता तू विचारलेस, "आई, हर्थाने आपले नाव आपण ठरवले, मग पणजीचे नाव लग्नात बदलताना तिला कोणी विचारले होते का?" मी पोळी करपते आहे असे म्हणून वळले, पण तो प्रश्न मला लागला.

नव्हते विचारले. ताटात तांदूळ पसरले, आजोबांनी अंगठीने त्यांत 'सुशीला' लिहिले, आणि धरणगावची यमुना अमळनेरला सुशीला होऊन आली. मला हे आठव्या वर्षी कळले. आखाजीला आजीबरोबर तिच्या माहेरी गेले होते, निंबाला झोका बांधला होता आणि कोणीतरी म्हातारीने "यमे!" अशी हाक मारली. घरी तिसऱ्या हाकेला सावकाश उठणारी माझी आजी पदर खोचून धावतच निघाली. ही कोण यमी, असे मी मामांना विचारले, तेव्हा ते हसले.

आपल्याकडचा पितळी डबा तिच्या माहेरचा. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी 'यमुना' कोरलेले आहे. आजी त्यात कळण्याचे पीठ ठेवी, आणि चिंचेने डबा घासून झाला की ठिपक्यांत अडकलेला चोथा काडीने एकेक करून काढी. तरीही आजोबांनी निवडलेल्या नावाचा तिला अभिमान होता, हेही मी पाहिले आहे. दोन्ही खरे आहे.

तुझी हर्था जन्माने फीबी सेरा मार्क्स. घड्याळे दुरुस्त करणारे वडील 1861 मध्ये गेले, आईने शिवणकाम करून मुले वाढवली, आणि सोळाव्या वर्षापासून शिकवणी करून ही मुलगी घरी पैसे पाठवू लागली. मैत्रिणीने दिलेले 'हर्था' हे नाव तिने आपलेसे केले. केंब्रिजला गणित शिकली, पण तिथे स्त्रियांना पदवी देत नसत. विजेच्या कमानी दिव्यात दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये विजेची कमान पेटते; त्याची शीळ त्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन भिडल्यामुळे येते, हे तिने दाखवून दिले. तरी 1902 मध्ये रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेचे सदस्यत्व तिला नाकारले गेले, कारण ती विवाहित होती. चारच वर्षांनी त्याच सोसायटीने तिला ह्यूज पदक दिले. स्वतः निवडलेले नाव असूनही कायद्याला ती नवऱ्याची बायकोच दिसली. हे लिहिताना मी आपल्या पद्धतीची बाजू तर घेत नाही ना, अशी शंका मला येते. थोडी घेतेच आहे.

माझ्या लग्नात तुझ्या बाबांनी तांदळात माझेच नाव लिहिले. ताट मात्र मी हट्टाने मांडायला लावले होते. त्याभोवती दाटीवाटीने वाकलेल्या आत्या, मावश्या आणि त्यांचा तो गलबला मला हवा होता. तुझ्या वेळी ते ताट असावेच असे माझे म्हणणे नाही.

तुझ्या त्या निबंधात यमुनेला जागा द्यायची की नाही, ते तूच ठरव. डबा शाळेत न्यायचा असेल तर रुमालात बांधून ने, झाकण सैल झाले आहे.

तुझी,
आई