‘स्वखुशीने’च्या खाली सही नको

लातूरहून, गंजगोलाईच्या मागच्या एका वाड्यातून पत्र आलं आहे. वाचकाचे वडील १९८८ पासून तीन खणांत भाड्याने राहत. २०११ मध्ये ते गेले, तेव्हापासून भाडं हे देतात. महिन्याला ९०० रुपये, हातात, पावती नाही. म्हातारे मालकही गेले. आता त्यांची तीन मुलं. थोरला म्हणतो, माळवद, म्हणजे जुनं मातीचं सपाट छप्पर, काढून स्लॅब टाकायचा आहे, चार महिने बाहेर राहा, घर परत तुम्हालाच. मधल्या खणाचं माळवद उतरवून झालंय, पांढऱ्या मातीचा ढीग यांच्या दारात पडलाय आणि गुत्तेदाराच्या माणसांनी नळाची लाइन तोडली आहे. निम्मं सामान मेहुण्याकडे गेलंय. आणि आता पाचशेच्या स्टॅम्पवर मजकूर टाइप होऊन आलाय. सही करू का?

करू नका. अशी पत्रं मला दर उन्हाळ्यात येतात, कारण सगळ्यांनाच मिरगाच्या आत काम उरकायचं असतं. त्यात एक गोष्ट ठरलेली: माणूस आधी सामान हलवतो आणि मग वकिलाला विचारतो.

तुम्ही स्टॅम्पचा फोटो पाठवलात हे बरं केलंत. त्यातलं एकच वाक्य बघा: ‘भाडेकरू स्वखुशीने घराचा रिकामा ताबा मालकास देत असून दुरुस्तीनंतर सोयीनुसार घर पुन्हा देण्यात येईल.’ स्वखुशीने रिकामा ताबा दिला की भाडेपट्टा तिथेच संपला, असं उद्या कोर्टात मांडलं जाईल आणि ते खोडायला जड जाईल. वाक्याचा पुढचा अर्धा भाग तर हवेतच आहे. किती खण, किती भाडं, कोणत्या तारखेला, काहीच नाही. ‘सोयीनुसार’ म्हणजे कोणाच्या सोयीनुसार, हे तुम्हालाही कळतं. शिवाय खाली सहीची जागा एकट्या थोरल्याची आहे. धाकटे दोघे पुण्यात आहेत म्हणता. उद्या तेच म्हणतील, आम्ही कुठे शब्द दिला होता?

थोरला लबाड आहे असं मी म्हणत नाही. तो देवमाणूस असेलही. पण कायद्याने तुम्हाला परत येण्याचा जो हक्क दिलाय, तो त्याच्या चांगुलपणातून येत नाही, कोर्टाच्या हुकूमनाम्यातून येतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. कलम १६(१)(एच): घर रिकामं केल्याशिवाय करताच येणार नाही अशी दुरुस्ती खरोखर करायची असेल, तर मालक ताबा मागू शकतो. मागायचा मात्र कोर्टात. मग कलम १८ लागू होतं. हुकूमनामा देताना कोर्ट भाडेकरूला विचारतं, तुला परत यायचंय का? तुम्ही हो म्हणालात की ते हुकूमनाम्यात नोंदलं जातं आणि ताबा कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा ती तारीखही त्यातच लिहिली जाते. तुम्ही त्या तारखेपर्यंत ताबा दिलात, तर काम झाल्यावर मूळच्याच अटींवर तुम्हाला परत घेणं मालकावर बंधनकारक असतं. हुकूमनामाच नसेल तर कलम १८ वाचण्यात अर्थ नाही.

आता खरी मेख. मालकाने हुकूमनाम्यात ठरलेल्या त्या तारखेपासून एका महिन्यात काम सुरू केलं नाही, वाजवी मुदतीत संपवलं नाही किंवा संपवूनही तुम्हाला घेतलं नाही, तर तुम्ही कोर्टात अर्ज करू शकता. पण तो अर्ज त्या ठरलेल्या तारखेपासून एका वर्षाच्या आत हवा. काम संपल्यापासून नव्हे, मालकाने नाही म्हटल्यापासूनही नव्हे. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थाला मालक दर महिन्याला सांगत होता, फरशी राहिलीय, रंग राहिलाय, वास्तुशांती झाली की या. हे वाट बघत राहिले. माझ्याकडे आले तेव्हा चौदावा महिना लागला होता. हुकूमनामा होता, त्यात नोंद होती, सगळं होतं. वर्ष तेवढं उरलं नव्हतं. म्हणून ती तारीख ठरली की तिथून अकराव्या महिन्यावर कॅलेंडरमध्ये खूण करून ठेवा, आणि तोवर किल्ली हातात आली नाही तर मालकाशी कितीही गोडी असली तरी अर्ज टाका.

थोरला म्हणेल, घरच्या माणसांत कोर्ट कशाला? त्याला सांगा, कोर्टात जायचं म्हणजे भांडायलाच जायचं असं नाही. त्याने दुरुस्तीच्या कारणावर दावा लावावा, तुम्ही हजर राहून परत येण्याच्या अटीवर संमती द्यावी. तडजोडीतही ते कारण, तुमची निवड, खणांची संख्या, भाडं आणि तारीख नीट उतरली पाहिजे; मोघम तडजोड कोर्टाला चालेलच असं नाही. तिन्ही भावांच्या सह्या हव्यात. तो नाहीच म्हणाला तर तो दावा लढवावा लागेल आणि आपल्याकडची दिवाणी कोर्टं कशी चालतात हे त्यालाही ठाऊक आहे. म्हणून तर स्टॅम्प आलाय.

आणखी एक. ‘माळवद काढून स्लॅब’ याला दुरुस्ती म्हणायचं का? दगड-मातीच्या जुन्या भिंतींवर जड छपराचं काय होतं, हे १९९३ च्या किल्लारीनंतर लातूरकरांना मी सांगायला नको. कुठलाही धड इंजिनिअर त्या भिंतींवर स्लॅब टाकणार नाही. कॉलम उभे करील, म्हणजे भिंती पाडील. मग ही दुरुस्ती राहत नाही, पाडून नवं बांधणं होतं. त्याचं कारण वेगळं, कलम १६(१)(आय), आणि त्याच्या अटीही वेगळ्या. तिथे काम सुरू झाल्यावर, ताबा दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत ‘मला नव्या इमारतीत जागा हवी’ अशी नोटीस तुम्ही मालकाला द्यायची असते. म्हणून महानगरपालिकेतून बांधकाम परवानगीची आणि नकाशाची प्रत काढा. नकाशात तुमचे तीन खण आहेत की खाली दुकानं आणि वर ऑफिस, ते एका नजरेत कळेल. धोकादायक इमारतीची नोटीस आली असेल तर गणित पुन्हा बदलतं. तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

तहसीलला अर्ज दिलात आणि सात आठवडे उत्तराची वाट पाहिलीत, ते सात आठवडे वाया गेले. मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा घरभाडे कायदा होता, तेव्हा हा विषय ‘कंट्रोलर’कडे असे. जुनी माणसं अजून तिकडेच बोट दाखवतात. ३१ मार्च २००० पासून ती खिडकी बंद आहे. आता दिवाणी न्यायालय.

नळाचं आधी बघा. विनाकारण पाणी किंवा वीज तोडणं कलम २९ खाली मालकाला मना आहे, आणि गुत्तेदाराच्या हातून झालं म्हणून त्याची सुटका होत नाही. लाइन जोडून द्यावी म्हणून कोर्टाकडे तातडीचा हुकूम मागता येतो. त्याच अर्जासोबत बेकायदा बाहेर काढण्याविरुद्ध मनाई मागा. तुटलेल्या पाइपाचे, मातीच्या ढिगाचे फोटो तारखेसह काढून ठेवा. मागच्या खोलीचं कुलूप तुमचंच राहू द्या, आणि सामान आणखी हलवू नका. समजा तुमच्या माघारी कुलूप तोडलंच, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली ताबा परत मागायला सहा महिने मिळतात. पण स्टॅम्पवर सही असेल तर तिथेही हाच वाद उभा राहील की ताबा तुम्ही राजीखुशीने दिला.

भाडं. मार्चपासून थोरला घेत नाही आणि तुम्ही गप्प बसलात. गप्प बसायचं नसतं. त्याच्या खात्यात टाका, ‘भाडे’ आणि महिना लिहून. खातं देत नसेल तर मनीऑर्डर करा, आणि ‘घेण्यास नकार’ शेऱ्याची ती परत आलेली चिठ्ठी कपाटात ठेवा. पावती देणं त्याच्यावर बंधनकारक होतं आणि मागणं तुमच्या हातात होतं. इतक्या वर्षांत एकही मागितली नाही, याला काय म्हणावं?

गळतीसाठी पदरचे घातलेले साडेसात हजार भाड्यातून वळते होतील का, असंही विचारलंय. कलम १४ मध्ये तशी सोय आहे, पण त्यासाठी आधी मालकाला किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि वळती रक्कम वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपेक्षा जास्त नसावी. तुमचं वर्षाचं भाडं १०,८००, म्हणजे २,७००. तुम्ही नोटीस दिलीच नव्हती. हे पैसे आले तर आले.

आता पावत्या नाहीत, तेव्हा भाडेकरू आहात हे दाखवायचं कशावरून? वडील वारले तेव्हा तुम्ही त्यांच्याबरोबर त्याच घरात राहत होतात, हे सिद्ध झालं की भाडेकरूपण तुमच्याकडे येतं. त्यासाठी २०११ च्या आसपासचं रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, मतदार यादी, मुलांच्या शाळेचे दाखले, वडिलांच्या नावची लाइट बिलं लागतील. कागदांची ट्रंक मेहुण्याकडे गेलेल्या सामानात आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय. ती आजच परत आणा.