दात हलतसुद्धा नाहीत, मग काढायचे कशाला?

"ताई, कॅन्सर गालाचा होता ना? मग दातांच्या मागं का लागलेत हे लोक?" मुलगा जरा घुश्शातच होता. शेजारी त्याची आई, पदरानं अर्धा चेहरा झाकून. वय बावन्न, साताऱ्याकडच्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) डाव्या गालाचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते, पुढे तीस दिवसांचा शेक, म्हणजे रेडिएशन, ठरला होता. दातांच्या डॉक्टरांनी खालच्या तीन दाढा आधी काढायला सांगितल्या होत्या आणि मावशी हटून बसल्या होत्या.

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. बहुतेकांचं म्हणणं एकच: पुढे किडल्या तर काढू की, आत्ता घाई कशाला?

घाई अशासाठी की शेक लागलेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. नंतर त्या जागचा दात काढला तर जखम भरेलच असं नाही, कधीकधी हाड उघडं पडून सडायला लागतं. हा धोका वर्षा-दोन वर्षांत संपत नाही, जन्मभर राहतो. दाढा हलत नव्हत्या हे खरं, पण एक्स-रेत मुळाशी हाड झिजलेलं आणि पू धरलेला दिसत होता. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हावा लागतो आणि दाढेची जखम भरायला किमान दोन आठवडे हवेत. म्हणजे हातात उरला होता एक आठवडा.

हे सगळं मी मुलाला छान समजावलं. त्याला पटलं. मावशी मात्र तशाच. चूक माझी. दाढा कुणाच्या आणि मी बोलत होते कुणाशी!

मुलाला चहाला पाठवलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "दाढ काढली की नजर जाते. माझ्या आईची गेली. मी ब्लाऊज शिवते, बाई. सुईत दोरा ओवायला डोळा नको?"

मी म्हटलं, दाढ ठणकते तेव्हा डोळ्यामागं कळ जाते ना? चेहऱ्याला दुखणं कळवणारी नस एकच, तिच्या फांद्या डोळ्याकडेही जातात आणि दातांकडेही. दिसायची नस निराळी, तिचा दाढेशी काही संबंध नाही. त्यांनी आईचं वय विचारात घेतलं असावं. "मोतीबिंदू असंल तिला," स्वतःशीच पुटपुटल्या. दोन दिवसांनी दाढा निघाल्या.

पुढची लढाई कनवटीच्या डबीची. ऑपरेशननंतरही रोज सकाळी एकदा मिश्री चालूच होती, "त्याशिवाय पोट साफ होत न्हाई." यावर मी भाषण दिलं नाही, पोटासाठी औषध लिहून घेतलं. मिश्री सुटली, परत लागली, परत सुटली.

शेकाच्या तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटलं. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर मीठ, चमचाभर खायचा सोडा, दर दोन-तीन तासांनी चूळ. झोंबणारं, अल्कोहोलवालं माउथवॉश बंद. मऊ ब्रश गरम पाण्यात बुडवून आणखी मऊ करायचा. लाळ आटली की दात मुळाशी भराभर किडतात, म्हणून फ्लोराइडचं जेल रोज. तोंड आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची थप्पी दातांत धरायची. मावशींनी त्या काड्या ब्लाऊजच्या चिंधीत गुंडाळून आणल्या होत्या. सुरुवातीला अकरा मावायच्या, चौथ्या महिन्यात सोळा.

दीड वर्षानं फोन आला. उरलेली एक दाढ दुखत होती, तालुक्याचे डॉक्टर काढतो म्हणाले. "मी खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं, जबड्याला शेक दिलाय, तुमी आधी आमच्या डॉक्टरांस्नी फोन लावा."

दाढ काढली नाही. रूट कॅनालवर भागलं.