टेस्टमध्ये विषाणू सापडला, तरी अँटिबायोटिक का?

प्रश्न : मुलगी चार वर्षांची आहे. तीन दिवस ताप, वाहतं नाक आणि खोकला. नाकातून स्वॅब घेऊन रॅपिड टेस्ट केली, त्यात आरएसव्ही (लहान मुलांत सर्दी-खोकला आणि छातीचा आजार आणणारा विषाणू) पॉझिटिव्ह आला. तरीही डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं. ते द्यावं का? आणि द्यायचंच होतं, तर टेस्ट केली कशाला?

आरएसव्हीवर अँटिबायोटिक काहीही करत नाही. अमॉक्सिसिलिनसारखं औषध जिवाणूची बाहेरची भिंत बनू देत नाही. विषाणूला ती भिंतच नसते. म्हणजे औषध द्यायचं असेल, तर ते आरएसव्हीच्या जोडीला झालेल्या एखाद्या जिवाणू संसर्गासाठीच असायला हवं.

तसा संसर्ग असू शकतो. सर्दीने कानाची नळी बंद होते, पडद्यामागे पाणी साठतं आणि त्यात जिवाणू वाढतात. डॉक्टरांना कानाचा पडदा लाल आणि बाहेर फुगलेला दिसला असेल, किंवा छातीच्या एकाच बाजूला खालच्या भागात बारीक करकर ऐकू आली असेल, तर औषध देण्यामागे कारण आहे. म्हणून नि:संकोच विचारा, ‘जिवाणूंचा संसर्ग नेमका कुठे वाटतोय? कानात, घशात, फुप्फुसात की लघवीत?’ त्यांनी जागा सांगितली, तर औषध वेळच्या वेळी द्या. उत्तर ‘खबरदारी म्हणून’ असं आलं, तर पुढचा प्रश्न विचारा, ‘मूल खातंपितं आहे, श्वास नीट आहे, तर दोन दिवस थांबून पुन्हा दाखवायला आणू का?’ बहुतेक डॉक्टरांना हा प्रश्न पटतो, काहींना तर तो हवाच असतो. पालकांना औषध हवं आहे असं गृहीत धरूनही पुष्कळ चिठ्ठ्या लिहिल्या जातात. खबरदारीचं अँटिबायोटिक साध्या सर्दीचे दिवस कमी करत नाही. जुलाब आणि अंगावर पुरळ मात्र आणू शकतं, आणि औषधाला दाद न देणारे जिवाणू मुलाच्या घशात-आतड्यात मागे ठेवून जातं.

‘टेस्ट केली कशाला’ हा प्रश्न अभ्यासकांनाही पडलेला आहे. फिनलंडमधल्या औलू इथे तातडीच्या विभागात आलेल्या बाराशेहून अधिक मुलांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. एका गटाची लगेच अनेक विषाणूंची तपासणी केली, दुसऱ्या गटाची नेहमीच्या पद्धतीने. अँटिबायोटिक मिळालेल्या मुलांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं, २७ आणि २८ टक्क्यांच्या आसपास. कारण कान आणि छाती पाहून निर्णय होतो, आणि विषाणू सापडला म्हणून जिवाणू नाहीच असं कुणी म्हणू शकत नाही. आमचं मत असं की निकाल काय आला तर काय करायचं, हे स्वॅब घेण्याआधीच ठरलेलं हवं. दोन्ही निकालांवर उपचार तोच राहणार असेल, तर मुलाच्या नाकात काडी घालू नये.

प्रश्न : मुलाला १०३ ताप, अंग मोडून आलंय. घरात सगळ्यांना फ्लू आहे. त्याची रॅपिड टेस्ट निगेटिव्ह, तरी डॉक्टर फ्लूच म्हणतात आणि ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध देतात.

डॉक्टर बरोबर आहेत. पंधरा मिनिटांत रेघ दाखवणाऱ्या, विषाणूची प्रथिनं शोधणाऱ्या अँटिजेन किटची गोम इथेच आहे. फ्लूमध्ये ती पॉझिटिव्ह आली तर सहसा खरी असते. निगेटिव्हवर मात्र भरवसा ठेवता येत नाही, कारण खरोखर फ्लू असलेल्या दहांपैकी तीन ते पाच जण ती सोडून देते. आरएसव्हीची टेस्ट लहान मुलांत जरा बरी, दहांपैकी साधारण आठ जणांना पकडते. घरात फ्लूची साथ असताना आलेली निगेटिव्ह रेघ म्हणजे ‘फ्लू नाही’ असा दाखला नव्हे. शंका असेल तर पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी प्रयोगशाळेतली टेस्ट) करतात. पण ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत उपयोगी, त्यामुळे दोन वर्षांखालच्या किंवा दम्यासारखा जुना आजार असलेल्या मुलासाठी निकालाची वाट पाहत बसत नाहीत.

टेस्ट चुकते ती पुष्कळदा नमुना घेतानाच. विषाणू नाकाच्या अस्तरातल्या पेशींमध्ये असतो, नुसत्या शेंबडात तितका नसतो. म्हणून नाक भरलेलं असेल तर आधी शिंकरून किंवा पुसून घ्यावं. खोल नमुना असेल तर स्वॅब कपाळाच्या दिशेने वर न नेता कानाच्या दिशेने सरळ मागे न्यायचा, हलका अडथळा लागला की थांबायचं, काही सेकंद तिथेच ठेवायचा आणि हळू फिरवत बाहेर काढायचा. मूल मांडीवर, पाठ मोठ्या माणसाच्या छातीला टेकलेली, एक हात कपाळावर आणि दुसरा दोन्ही हातांभोवती, असं धरलं तर पाच-सात सेकंदांत काम होतं. धडपडणाऱ्या मुलाचा स्वॅब नाकपुडीच्या तोंडाशीच फिरून येतो आणि निकाल निगेटिव्ह. काही किट मात्र नाकाच्या पुढच्या भागासाठीच बनवलेली असतात. त्यात दोन्ही नाकपुड्यांत स्वॅब फिरवायचा असतो. कुठलं किट आहे ते पत्रकात पाहा.

घरी करत असाल तर आणखी दोन चुका टाळा. थेंब पत्रकात सांगितले तेवढेच टाका, आणि घड्याळ लावून ठरलेल्या वेळीच रेघ वाचा. तासाभराने पट्टी वाळल्यावर दिसणारी फिकट रेघ धरायची नाही. नियंत्रणाची (किट नीट चाललं हे दाखवणारी) रेघच उमटली नाही, तर टेस्ट बाद; ती निगेटिव्ह समजू नये. पीसीआरसाठीचा नमुना द्रवाच्या नळीत बुडवून २ ते ८ अंश तापमानात, ७२ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचायला हवा. कापसाची लाकडी काडी त्यासाठी चालत नाही.

प्रश्न : एकाच नमुन्यात अनेक विषाणू शोधणाऱ्या पीसीआर पॅनेलमध्ये रायनोव्हायरस आणि अ‍ॅडिनोव्हायरस, दोन्ही आले. आजार नेमका कशाने?

कदाचित एकानेही नाही. पीसीआर विषाणूचे तुकडेही पकडते, मग ते जुन्या सर्दीचे का असेनात. रायनोव्हायरस सर्दी गेल्यावरही दोन-तीन आठवडे दिसतो आणि ठणठणीत मुलांच्या नाकातही सापडतो. फ्लू किंवा आरएसव्ही सापडला तर त्याला आजाराशी जोडणं जास्त सुरक्षित. अ‍ॅडिनोव्हायरसबद्दल एक लक्षात ठेवा : तो चार-पाच दिवस चढा ताप देतो आणि रक्तातला सीआरपीही (शरीरातल्या दाहाबरोबर वाढणारं प्रथिन) वाढवतो. नुसत्या सीआरपीच्या आकड्यावर अँटिबायोटिक सुरू होतं, ते पुष्कळदा याच विषाणूत. ‘विषाणू गेला का’ हे पाहायला टेस्ट पुन्हा करू नका.

प्रश्न : शेंबूड हिरवा झाला म्हणजे जिवाणू ना?

नाही. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या हिरवट द्रव्याचा असतो आणि साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो. सायनसच्या जिवाणू संसर्गाची शंका घ्यायची ती दहा दिवस होऊनही काहीच उतार नसेल, बरं होत आलेलं मूल पुन्हा तापलं, किंवा घट्ट शेंबूड आणि ३९ अंश सेल्सिअसवर (सुमारे १०२ फॅरेनहाइट) ताप सलग तीन दिवस राहिला तर. नुसता खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळणारच. वर्षाच्या वरच्या मुलाला झोपताना अर्धा ते एक चमचा मध द्या. वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको.

प्रश्न : दीड महिन्याच्या बाळाला ताप आहे. टेस्टमध्ये आरएसव्ही आला. तरी लघवी आणि रक्त तपासायला सांगितलंय. बाळाला एवढा त्रास कशाला?

कृपया तपासू द्या, आणि आजच. तीन महिन्यांखालच्या बाळाचा ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरेनहाइट) किंवा त्यावरचा ताप घरी सांभाळायचा नसतो. विषाणू सापडल्याने रक्तातल्या जिवाणू संसर्गाची शक्यता कमी होते, पण लघवीच्या संसर्गाची शक्यता उरतेच, आणि एवढ्या बाळात तो तापाखेरीज काहीच दाखवत नाही. चिकटपिशवीत धरलेली लघवी त्वचेवरच्या जंतूंनी खराब होते, म्हणून नळीने घेतलेला नमुना मागतात. नमुने घेतल्यावरच अँटिबायोटिक. आधी दिलं तर कल्चरमध्ये (नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) काही उगवत नाही आणि मग औषध कधी थांबवायचं तेच ठरवता येत नाही.

प्रश्न : अँटिबायोटिकशिवाय थांबायचं ठरलं, तर घरी लक्ष कशावर ठेवायचं?

श्वासावर. तापाच्या आकड्यापेक्षा श्वास जास्त सांगतो. मूल शांत किंवा झोपलेलं असताना अंगावरचा कपडा वर करा आणि पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा; पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४० किंवा त्याहून अधिक भरला, तर डॉक्टरांकडे न्या. ताप चढलेला असताना श्वास तसाही वाढतो, म्हणून पॅरासिटामॉल दिल्यावर तासाभराने पुन्हा मोजा. पॅरासिटामॉल एका वेळी वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम, दिवसात जास्तीत जास्त चार वेळा. थेंबांचं औषध सिरपपेक्षा कितीतरी तीव्र असतं. ‘पाच मिली’ हा सिरपचा डोस थेंबांच्या बाटलीतून दिला गेला तर विषबाधा होऊ शकते. ॲस्पिरिन मुलांना देऊ नका.

पोट उडणं, फासळ्यांखालची जागा आत ओढली जाणं, नाकपुड्या फुलणं, कण्हणं, ओठ निळसर पडणं, दूध किंवा पाणी न घेणं, आठ तासांत लघवी न होणं, जागं करूनही डोळे न उघडणं : यांतलं एकही दिसलं तर रात्र असली तरी निघा. आणि एक फसवी वाट. फ्लू उतरतो, मूल खेळायला लागतं आणि दोन-तीन दिवसांनी ताप परत चढतो, सोबत धाप. हा बहुधा मागून आलेला जिवाणू न्यूमोनिया. इथे अँटिबायोटिक लागतंच आणि उशीर परवडत नाही.

प्रश्न : मागच्या वेळची अर्धी बाटली शिल्लक आहे. वापरू का?

नको. पाणी घालून तयार केलेलं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट फ्रिजमध्येही सातच दिवस टिकतं, नंतर त्यातला क्लॅव्ह्युलॅनेट निकामी होतो. शिवाय मागचा डोस मागच्या वजनाचा होता. नवी बाटली बनवताना आधी पावडर हलवून मोकळी करा, उकळून गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खालपर्यंत घालून हलवा, फेस बसला की खुणेपर्यंत भरा आणि पुन्हा हलवा. एकदम खुणेपर्यंत ओतलं तर तळाशी गोळा राहतो; पहिले डोस पाणचट जातात आणि शेवटचे दुप्पट कडक.