टर्की, राय, कांदा नको

तुझा प्रश्न तसा साधा होता. ऑगस्टमध्ये शिकागोला येतेयस, नोकरी डाउनटाउनमध्ये, घर लांब उपनगरात, रोज पहाटे उठून डबा होईलच असं नाही. बीफ खात नाहीस, चिकन-अंडं चालतं. तर दुपारी बरं डेली सँडविच (डेली म्हणजे मांस-चीज कापून पावात भरून देणारं दुकान) कुठे मिळेल? आणि शेवटी जाता जाता दोन ओळी : मुलगी साडेचार वर्षांची आहे, शाळेचं कसं असतं, आणि तिकडे एकटं वाटतं का. काल रात्री पाच मिनिटांत उत्तर लिहून झोपावं म्हणून बसले, आता साडेबारा वाजून गेलेत. (तुला 'तू' म्हणतेय, चालेल ना? माझ्या धाकट्या बहिणीपेक्षा लहान दिसतेस.) व्हिसा, बँक, घरभाडं, आगगाडीचा पास हे तुझ्या कंपनीतली माणसं आणि सरकारी साइटी सांगतीलच. ते मी सोडूनच देते.

आधी सँडविच. शिकागोच्या डाउनटाउनच्या मधल्या भागाला लूप म्हणतात. डोक्यावरून लोखंडी खांबांवरची रेल्वे गोल फिरते, १८९७ पासून, आणि अजून तेवढाच खडखडाट करते. या गोलाच्या आत दुपारी साडेअकरा ते दीड सगळी ऑफिसं एकदम रस्त्यावर उतरतात. अडीच-तीननंतर निम्मी खाण्याची दुकानं बंद. शनिवार-रविवारी तर कित्येकांचं शटरच उघडत नाही. त्यात कोविडनंतर सोमवारी आणि शुक्रवारी लोक घरून काम करतात, त्यामुळे खरी वर्दळ मंगळवार ते गुरुवार. ताजा पाव, ताजं कापलेलं मांस हवं असेल तर याच तीन दिवशी खा. सोमवारी मिळणारी टर्की (कोंबडीसारख्या मोठ्या पक्ष्याचं मांस) कधीची असेल ते मी सांगत नाही.

चांगलं डेली ओळखायचं कसं? काचेच्या पलीकडे टर्कीचा गोळा बघ. काप एकदम गोल, गुळगुळीत आणि ओलसर चकाकणारे असतील तर ते दाबून बनवलेलं मांस, चवीला ओला पुठ्ठा. काप वेडेवाकडे, कडेला भाजल्याचा तपकिरी रंग, मांसाचे धागे दिसतायत, म्हणजे खरी भाजलेली छाती. आणि तू सांगितल्यावर कापतात की सकाळीच कापून रचून ठेवलंय, तेही बघ. पाव राय माग, म्हणजे राय नावाच्या धान्याचा. त्यात कॅरवेचे दाणे असतात, शहाजिऱ्याच्या जवळचा वास येतो. त्याला तपकिरी मस्टर्ड लाव. आपल्या मिरचीच्या लोणच्यातली फेसलेली मोहरी आठवते का, तशी नाकात जाते. पिवळं मस्टर्ड घेऊ नकोस, ती नुसती हळद आणि व्हिनेगर.

बीफचं म्हणशील तर सावध राहा. पास्त्रामी, कॉर्न्ड बीफ, इथलं प्रसिद्ध इटालियन बीफ, सगळं गाईचंच. पास्त्रामीला वरून मिरी आणि धणे चोळलेले असतात. त्या वासाने तुला घरची आठवण येईल आणि हात पुढे होईल. सलामीत काय काय असतं ते विचारल्याशिवाय खाऊ नकोस. कापायचं यंत्र सगळ्याला एकच असतं; तुला त्याचा त्रास होणार असेल तर हातमोजे आणि सुरी बदलायला सांग, सांगितलं तर बदलतात. माझ्या सासूबाईंना हे मी कधीच सांगितलं नाही.

लूपच्या जरा दक्षिणेला जेफरसन स्ट्रीटवर मॅनीज नावाचं डेली आहे. १९४२ पासूनचं, जुन्या ज्यू पद्धतीचं. लूपमधून चालत वीस-पंचवीस मिनिटं, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत जमणार नाही, पण एखादा दिवस साहेब नसेल तेव्हा जा. ट्रे घ्यायचा, रांगेतून सरकायचं, समोरचा माणूस हाताने कापून ढीग रचतो, चिठ्ठी देतो, आणि खाऊन निघताना गल्ल्यावर पैसे द्यायचे. थेट इराण्याचं हॉटेल. सासरे (त्यांना आम्ही दादा म्हणतो) आले होते तेव्हा त्यांना मिशिगन अव्हेन्यूवर घेऊन गेले होते. तिथे आर्ट इन्स्टिट्यूटच्या जागी १८९३ साली विवेकानंदांचं भाषण झालं, आता त्या रस्त्यावर त्यांच्या नावाची पाटी आहे. भारतातून येणाऱ्या प्रत्येकाचा तिथे फोटो होतोच. मग मॅनीजमध्ये जेवलो. दादांनी बटाट्याचं पॅनकेक मागवलं, त्याच्याबरोबर सफरचंदाचा गर येतो. खाल्लं, मान हलवली आणि म्हणाले, "उपासाच्या थालीपिठाबरोबर मुरांबा. ह्या लोकांना कुणी सांगितलं असेल?" मी त्यांना सांगितलं की विवेकानंद बोलले ती धर्मपरिषद ज्या जागतिक प्रदर्शनाच्या जत्रेनिमित्त भरली होती, १८९३ च्याच त्या जत्रेत ऑस्ट्रिया-हंगेरीहून आलेल्या दोघांनी सॉसेज विकायला सुरुवात केली आणि त्यातून इथली व्हिएन्ना बीफ कंपनी झाली. दादा म्हणाले, एकच जत्रा, एक जण धर्म घेऊन आला, दोघं सॉसेज घेऊन. पुढे नाशिकला जाऊन त्यांनी हे वाक्य सगळ्या गल्लीला ऐकवलं.

बरं. आता मी स्वतः काय खात होते ते. हे खरं तर तू विचारलेलं नाहीस.

मी २०१२ च्या जानेवारीत आले, ठाण्याहून, नवऱ्याच्या मागे, एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर. तीन वर्षं काम करायची परवानगी नव्हती. २०१५ मध्ये नियम बदलला, नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण पुढे सरकलेलं होतं म्हणून मला कामाच्या परवानगीचं कार्ड मिळालं, आणि मी लूपमध्ये एका विमा कंपनीत हिशेबाचं काम धरलं. पहिल्या आठवड्यात एका डेलीच्या रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला आणि तो माणूस एका दमात काहीतरी बोलला. पाव कुठला, चीज कुठलं, भाजायचं का, इथे खाणार का नेणार, सगळं एका श्वासात. मागे दहा माणसं. ठाण्याला कॉलेजात इंग्रजीत वक्तृत्वाचं बक्षीस मिळवलेली मी. म्हटलं सॉरी, आणि रांगेतून बाहेर पडले. पुढचे दोन महिने औषधांच्या दुकानातल्या फ्रिजमधलं, प्लॅस्टिकच्या त्रिकोणातलं एग सॅलड सँडविच खाल्लं, कारण तिथे कुणाशी बोलावं लागत नाही. ऑफिसात सांगायचे, मला तेच आवडतं.

मग एकदा नोव्हेंबरात पाऊस होता म्हणून पेडवेतून गेले. (पेडवे म्हणजे लूपखालचे भुयारी रस्ते, पाचेक मैलांचं जाळं. हिवाळ्यात जीव वाचतो, फक्त पहिल्या महिन्यात हमखास चुकशील.) तिथून वर आल्यावर एक छोटं दुकान, रिकामं. काउंटरवर मिचोआकानचे एक मेक्सिकन काका. मी गप्प उभी राहिलेली बघून ते हळू म्हणाले, माझ्यामागून म्हण. टर्की. राय. प्रोव्होलोन (हे एक चीज). नो ओनियन्स. मी म्हटलं. त्यांनी तेच बनवून दिलं.

गंमत अशी की मला कच्चा कांदा फार आवडतो. वडा असो की मिसळ, कांदा मी वरून मागून घेते. पण ते वाक्य तसंच पाठ झालं आणि पुढची चार-साडेचार वर्षं मी आठवड्यातून तीनदा बिनकांद्याचं सँडविच खाल्लं. नंतर नंतर काही म्हणावंही लागायचं नाही, दारातून दिसले की ते पाव काढायचे. आता कांदा घाला म्हणणं म्हणजे त्यांनी दिलेलं काहीतरी परत केल्यासारखं वाटायचं. मार्च २०२० मध्ये लूप एका आठवड्यात रिकामं झालं. आम्ही परत ऑफिसात गेलो तेव्हा तिथे मोबाइलची कव्हरं विकत होते. त्यांचं आडनावही मला माहीत नव्हतं.

एकटं वाटतं का म्हणशील, तर नाही वाटत. मंडळ आहे, गणपती आहेत, दिवाळीला सहा घरची सहा बोलावणी असतात, वेळ कुठे असतो? त्याचं फार मनावर घेऊ नकोस.

तुझ्या नवऱ्याचं मात्र बघ. तू नोकरीवर येतेयस, म्हणजे तो एच-४ वर. माझ्या जागी तो. सुरुवातीला सगळे म्हणतील, वा, मुलीला बाबांचा सहवास. सहा महिन्यांनी त्याला कुणी विचारेल तू काय करतोस, तेव्हा तू त्याच्याकडे बघू नकोस. दुपारी फोन करत जा, पण 'काय केलंस आज' असं विचारू नकोस. मला तो प्रश्न रोज यायचा. कार्ड मिळालं तरी ते दर काही वर्षांनी नवं करावं लागतं. २०२१ मध्ये माझं वेळेत आलं नाही. चार महिने बिनपगारी घरी बसले, रोज सकाळी अर्ज कुठवर आला ते बघत. दुसरं काही दिसत नसे, 'प्राप्त झाला' एवढंच.

आता शाळा. लिहू की नको असं होतंय, पण तुझी मुलगी साडेचारची आहे आणि माझा मुलगाही तेव्हा नेमका तेवढाच होता.

शाळेच्या प्रवेशाच्या कागदांत एक साधा फॉर्म असतो. घरात इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलता का? मूल इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलतं का? मी दोन्हींना हो लिहिलं आणि पुढे अभिमानाने 'मराठी' असं लिहिलं, ठळक. एकाला जरी हो म्हटलं तरी मुलाची इंग्रजीची चाचणी घ्यावीच लागते, असा इलिनॉयचा नियम आहे. माझा मुलगा ठाण्यात इंग्रजी बालवाडीत होता, गोष्टी वाचायचा. पण अनोळखी बाईसमोर बोललाच नाही. पाच वर्षांचं पोर, का बोलेल? त्याला इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटात टाकलं. रोज गोष्टींच्या तासाला त्याला वर्गातून उठवून दुसऱ्या खोलीत न्यायचे. दोन वर्षं. पालकांना लेखी नकार देता येतो हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. हे तू लक्षात ठेव, नकार देता येतो.

त्याने आपल्या परीने त्याचा अर्थ लावला. मराठी बोलतो म्हणून मला बाहेर काढतात. पहिलीत असताना घरी मराठीत उत्तर देणं बंद झालं. मी मराठीत बोलायची, तो इंग्रजीत. अजून तसंच आहे. त्याच वर्षी डब्यातली पोळी-भाजी तशीच परत यायला लागली आणि मी दर रविवारी किराणा दुकानाच्या डेली काउंटरवर नंबर घेऊन उभी राहून अर्धा पौंड टर्की पातळ कापून घ्यायला लागले. तिथे मला बोलता यायचं, कारण शब्द दोनच होते.

अजूनही वाटतं, त्या फॉर्मवर 'नाही' लिहायला हवं होतं का? म्हणजे मराठी टिकवायला घरात मराठी नाही असं खोटं लिहायचं? तू काय लिहावंस ते मी सांगू शकत नाही. माझ्या मैत्रिणीने 'हो' लिहिलं, तिची मुलगी चाचणीत पास झाली, काहीच झालं नाही. मुलीला आधीच सांगून ठेव की एक बाई भेटतील, त्यांच्याशी भरपूर गप्पा मार.

मागच्या उन्हाळ्यात तो ऑफिसच्या बाजूला आला होता. अठराचा झालाय, माझ्याहून वीतभर उंच. एका नव्या दुकानात गेलो. मी तोंड उघडायच्या आत त्याने माझी ऑर्डर देऊन टाकली. टर्की, राय, प्रोव्होलोन, आणि माझ्याकडे न बघताच, नो ओनियन्स. इतकी वर्षं बघत होता म्हणायचा. मी काही बोलले नाही. पैसे त्याने द्यायचा आग्रह केला. दोन सँडविचेस, डाउनटाउनचा दहा टक्क्यांहून जास्त कर, वर पडद्यावर टिपचे पर्याय, मिळून तीस डॉलरच्या वर गेलं. तेव्हा पगार झाला तरी पहिले दोन महिने रोज बाहेर खाऊ नकोस.

लिहायचं राहिलंच. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान, ईस्टरच्या आधीचे सहा-सात आठवडे दर शुक्रवारी, इथले कॅथलिक लोक मांस खात नाहीत. तेव्हा इटालियन बीफच्या दुकानांत पेपर अँड एग मिळतं. सिमला मिरची परतून त्यात अंडी फेटून, लांब पावात. आपली भुर्जी-पाव, फक्त हळद-तिखट विसरलेली. वर हॉट जार्डिनेरा घालून माग. गाजर, फ्लॉवर, सेलरी, मिरच्या तेलात मुरवलेल्या असतात, म्हणजे लोणचंच. मेनूवर कधी कधी लिहिलेलं नसतं, विचारावं लागतं.

आणि निघण्याआधी डॉक्टरांकडून मुलीच्या लसींचा कागद नव्याने लिहून घे, महिना आकड्यात नको, अक्षरात. माझ्या मुलाच्या एमएमआरची (गोवर वगैरेची लस) ६ जुलै इथे ७ जून वाचली गेली, कारण इथे महिना आधी लिहितात. वाढदिवस त्याचा १२ जूनचा, आणि पहिला वाढदिवस व्हायच्या आधीची लस इथे धरत नाहीत. पुन्हा टोचून घेईपर्यंत शाळेचे पहिले चार दिवस गेले.